जानव्याची किल्ली

आमच्या घरी टेलिफोन आला तो १९७४ साली. अर्ज केला होता त्याच्या नऊ वर्षं आधी. अर्ज केला तेव्हा मी अंगणात दुडदुडत होतो आणि फोन आला तेव्हा तीसपर्यंतचे पाढे म्हणून दाखवत होतो. यावरून टेलिफोनची वाट पाहण्यात एका पिढीचं शिक्षण कसं होऊन जायचं ते लक्षात यावं. फोन काळा कुळकुळीत, उचलला तर हाताला व्यायाम. आमच्या अण्णांनी त्याला पहिल्या दिवशी हार घातला आणि दुसऱ्या दिवशी कुलूप.

कुलूप म्हणजे डायलच्या भोकात अडकवायचं चिमुकलं पितळी कुलूप. ते लावलं की डायल फिरत नसे. आलेला फोन घ्यावा, आपण करू नये. वाड्यात सात बिऱ्हाडं, प्रत्येक बिऱ्हाडाला कुणी ना कुणी मुंबईला, आणि प्रत्येकाचं म्हणणं 'एकच मिनिट हो अण्णा'. तेव्हा कुलपाला कारण होतं, नाही असं नाही. किल्ली अण्णांच्या जानव्याला. अण्णा आंघोळीला गेले तरी किल्ली आंघोळ करून येई.

या कुलपाला न जुमानणारी एकच व्यक्ती घरात होती. ती म्हणजे माझी थोरली बहीण. अक्का तेव्हा कॉलेजात होती. तिने शोधून काढलं की डायल हा नुसता देखावा आहे. डायल परत येताना तारेतला प्रवाह तितक्या वेळा तोडतो, एवढंच त्याचं काम. तीन फिरवला की तीनदा, नऊ फिरवला की नऊदा. आणि हेच काम रिसीव्हर ठेवतात तिथली बटणं करतात. तेव्हा रिसीव्हर उचलावा, बटणावर बोटाने पटापट तीन टिचक्या माराव्या, जरा थांबावं, मग पुढचा आकडा. कुलूप जागच्या जागी, आणि फोन लागलेला. शून्याला मात्र दहा टिचक्या.

ही विद्या तिला वर्गातल्या एका मुलाने शिकवली होती आणि सरावाला नंबरही त्याने आपलाच दिला होता. पुढे ते आमचे भाऊजी झाले. त्यांच्या नंबरात एकही शून्य नव्हतं. पत्रिकेत छत्तीस गुण जुळवतात. या सदतिसाव्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बिल आलं तेव्हा अण्णा गंभीर झाले. त्यांनी जे केलं ते जगातल्या सगळ्या अण्णांनी केलं असतं. त्यांनी आधीपेक्षा मोठं कुलूप आणलं.

हे सगळं आता आठवायचं कारण असं की मोबाइल फोनला कंपन्यांनी घातलेली कुलपं आणि ती उघडणारी पोरं, यांचा इतिहास मी अलीकडे आवडीने वाचतो आहे. लोक पानिपत वाचतात, मी हे वाचतो. आणि दर पानाला मला अण्णांचं जानवं आणि अक्काची तर्जनी दिसते.

या इतिहासात माझा प्रवेश झाला तो २००८ च्या डिसेंबरात. अक्काचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, न्यू जर्सीहून आला आणि त्याने आपला जुना आयफोन मला दिला. 'मामा, ठेव तुला.' पुण्यात तेव्हा आयफोन खिशातून काढला की शेजारचा माणूस पोहे खायचा थांबत असे. मी आपलं सिमकार्ड त्यात घातलं. फोनने ते ओळखायला साफ नकार दिला. भाचा म्हणाला, 'अरे हो, हा लॉक्ड आहे. तिकडच्या एटी अँड टी कंपनीखेरीज दुसऱ्या कुणाचं सिम घेत नाही.' पैसे याने मोजलेले, फोन याचा, यानेच मला दिलेला, आणि आत कुणाला घ्यायचं ते ठरवणार भलताच. मी म्हटलं, हे म्हणजे वाडा माझा आणि दिंडी दरवाजाची किल्ली बिल्डरकडे!

मग मी तो बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका दुकानी घेऊन गेलो. दुकान म्हणजे एक काउंटर, एक लॅपटॉप आणि विशीतला एक मुलगा. त्याने फोन उलटसुलट पाहिला आणि चारचौघांत खणखणीत आवाजात विचारलं, 'काका, जेलब्रेक करून देऊ?' माझ्या मागे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक बॅटरीचे सेल घ्यायला उभे होते. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, तसं मी नववीत कॉपी करताना सापडलो तेव्हाही पाहिलं नव्हतं.

जेलब्रेक हा शब्द त्या मुलाने बनवलेला नव्हता. कॉम्प्युटरच्या युनिक्स घराण्यात एक जुनी सोय आहे: एखाद्या प्रोग्रॅमला डिस्कच्या एका खोलीत कोंडायचं, आणि त्याला वाटू द्यायचं की हीच अखिल सृष्टी. त्याला जेल म्हणतात. आयफोनमध्ये मालकाला गाणी आणि फोटोंच्या खोलीपलीकडे जाता येत नसे, बाकी वाडा बंद. भिंत फोडून वाड्यात शिरणं म्हणजे जेलब्रेक. सिमचं कुलूप उघडणं ही वेगळी गोष्ट, तिला अनलॉक म्हणायचं. एक दिंडी दरवाजा, एक आतली खोली. लोक दोन्हींत घोळ करतात. मीही करत होतो, तपकीर गल्लीतल्या मुलाने मला अर्ध्या तासात सुधारलं. त्या अर्ध्या तासात फोनही सुटला.

आता मूळ कथा. आयफोन अमेरिकेत विक्रीला आला २९ जून २००७ रोजी. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर, वर एटी अँड टीशी दोन वर्षांची लग्नगाठ. दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतल्याच ग्लेन रॉक गावच्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या मुलाने तो सोडवला. वय वर्षं सतरा. सबंध उन्हाळ्याची सुट्टी त्याने फोन उघडून, आत डाग देऊन, सॉफ्टवेअर लिहून त्यात घालवली. आपल्याकडे सतरा वर्षांचा मुलगा सुट्टीत नवा फोन उघडून बसला तर त्याला डाग कुठे मिळाला असता ते सांगायला नको. या मुलाला मात्र केंटकीतल्या एका मोबाइल दुरुस्ती कंपनीच्या मालकाने त्या सोडवलेल्या फोनच्या बदल्यात निस्सान ३५० झेड ही मोटार दिली आणि वर तीन नवे आयफोन. एका फोनला एक मोटार! वस्तुविनिमयाच्या इतिहासात, आमची आई जुन्या पैठणीवर भांडी घ्यायची त्यानंतरचा, हा मोठाच सौदा.

कंपनी स्वस्थ बसली नाही. सप्टेंबर २००७ मध्ये ॲपलने जाहीर इशारा दिला की अशा उद्योगांनी बिघडलेला फोन पुढचं अपडेट घेतल्यावर कायमचा बंद पडू शकतो; तीन दिवसांनी अपडेट आलं आणि अनेकांचे फोन खरोखरच बंद पडले. असा फोन म्हणजे 'वीट' झाला, असं इंग्रजीत म्हणतात. पंढरपुरात विटेला मोल आहे. सहाशे डॉलरच्या विटेचं काय करावं ते कुणी सांगितलं नाही.

पण मोठं कुलूप आलं की नवी टिचकी निघतेच. त्याच ऑक्टोबरात 'जेलब्रेकमी' आलं. फोनवरून एक पान उघडायचं, बस. फोनला चित्रं दाखवताना एक चूक व्हायची, त्या चुकीतून हे आत शिरे, कुलूप काढे, आणि निघताना ती चूकच दुरुस्त करून जाई. खिडकीतून शिरलेल्या चोराने जाताना खिडकीला नवी कडी बसवून जावी, असा हा प्रकार. ही कडी मूळ मालकाने अजून बसवलेली नव्हती, हे विशेष.

लोकांना आत जाऊन करायचं होतं तरी काय? ऐकून हसाल. सुरुवातीला आपल्या आवडीची रिंगटोन लावायची होती. मग बाहेरचे प्रोग्रॅम घालायचे होते, कारण पहिलं वर्षभर आयफोनवर ते घालायची सोयच नव्हती. जे फ्रीमन नावाच्या माणसाने फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्यासाठी 'सिडिया' हे दुकान काढलं. कंपनीचं अधिकृत ॲप स्टोअर उघडलं त्यानंतर जुलैत. सिडिया हे एका पतंगाच्या कुळाचं नाव. त्याची अळी सफरचंद आतून पोखरते. नाव ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी पुण्यात शोभली असती. एका ठिकाणची अक्षरं उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवणं, व्हिडिओ घेणं, या गोष्टी फोडलेल्या फोनवर आधी आल्या आणि कंपनीने त्या जून २००९ मध्ये वाजतगाजत दिल्या. कैदी भिंतीवर कोळशाने काढतात ती चित्रं पुढल्या वर्षी जेलरच्या दिवाणखान्यात लागावीत, तसं.

मग अर्थात कायदा आला. किंबहुना कायदा होताच. अमेरिकेत १९९८ पासून डिजिटल कुलूप तोडणं हाच मुळी गुन्हा. कुलपाआड तुमचीच वस्तू असली तरी. त्यातून सूट हवी तर दर तीन वर्षांनी मागायची. आपल्याकडे तीन वर्षांनी अधिक महिना येतो, जावयाला अनारसे मिळतात. तिकडे तीन वर्षांनी फोनवाल्यांना सूट मिळते. ती देतो कोण? न्यायाधीश नव्हे, मंत्री नव्हे. ग्रंथपाल! लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ग्रंथपाल. आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे ग्रंथपाल अंक एक दिवस उशिरा परत केला तर सूट देत नाहीत, म्हणून मला याचं फार अप्रूप.

ॲपलने जोरदार विरोध केला. फोन असे मोकळे झाले तर कुणी दुष्ट माणूस त्यातून टेलिफोनचे मनोरेही बंद पाडील, इथवर सांगून झालं. अण्णासुद्धा म्हणायचे, 'आज फोनला हात लावता, उद्या तिजोरीला लावाल.' पण २६ जुलै २०१० रोजी सूट मिळाली. कॉपीराइट कार्यालयाने हिशेबच मांडला होता: जेलब्रेक करताना ऐंशी लाखांहून अधिक बाइट्सपैकी बदलतात पन्नासहूनही कमी. म्हणजे सुमारे एक लाख साठ हजारांत एक. एवढ्याने कुणाचा ग्रंथ चोरला असं होत नाही. पोत्यातून एक दाणा गेला तर आमचा वाणीसुद्धा बोलत नाही.

पुढची गंमत २०१२ ची. त्या वर्षी फोनची सूट कायम राहिली, पण टॅब्लेटला ती नाकारली. खिशात मावलं तर पुण्य, पिशवीत ठेवलं तर पाप! २०१५ मध्ये टॅब्लेटचं पाप धुतलं गेलं आणि यादीत टीव्ही आले, मोटारी आल्या, ट्रॅक्टरसुद्धा आले. ट्रॅक्टर का? तर तिकडच्या ट्रॅक्टरमध्येही कॉम्प्युटर, त्यालाही कुलूप. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडला तर दुरुस्तीला कंपनीचा माणूस यायला हवा. रिंगटोनपासून निघालेली दिंडी बघता बघता शेताच्या बांधावर पोचली. आणि सिमच्या कुलपाचं तर, २०१३ च्या जानेवारीत सूट गेली, लाखाहून अधिक लोकांनी सह्या करून व्हाइट हाउसला अर्ज धाडला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी सही करून ती परत दिली. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कुलूप तोडण्याचं कलम आलं, पण त्यात चोरीचा हेतू पाहतात. अक्काचा हेतू पाहिला असता तर न्यायाधीशही विरघळले असते.

एका बाजूनेच बोलणं बरं नाही. अण्णांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण आता मीही अण्णांच्या वयाचा झालो. भिंत फोडली की तिथून वाराही येतो आणि विंचूही येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात फोडलेल्या आयफोनांवर एकाएकी गायक रिक ॲस्टलीचा फोटो झळकू लागला. लोकांनी आत जायची वाट उघडली होती, पण त्या वाटेचा पासवर्ड बदलला नव्हता, आणि तो सगळ्या फोनांना एकच होता: 'अल्पाइन'. एका एकवीस वर्षांच्या पोराने ही थट्टा केली. थट्टेवर निभावलं. ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीला आलेली पेगॅससची गोष्ट थट्टेची नव्हती. एका मानवी हक्क कार्यकर्त्याला एक दुवा पाठवला होता. त्यावर बोट ठेवलं असतं तर फोन गुपचूप जेलब्रेक होऊन आतलं सगळं दुसऱ्याच्या हाती गेलं असतं. त्याने बोट ठेवलं नाही, दुवा संशोधकांना दिला. भोक तेच. अक्का शिरते त्याच भोकातून दरोडेखोरही शिरतो, आणि दरोडेखोर पैसे जास्त देतो. सतरा वर्षांच्या पोराला एका मोटारीत आनंद झाला होता. २०१५ मध्ये असली भोकं विकत घेणाऱ्या एका कंपनीने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. मग पोरं फुकट कशाला वाटतील?

काही पोरं तर अण्णांच्याच पंगतीला जाऊन बसली. 'जेलब्रेकमी'चे पुढचे अवतार काढणारा निकोलस अलेग्रा एकोणिसाव्या वर्षी, २०११ मध्ये, ॲपलमध्येच उमेदवारीला लागला. वर्षभराने त्याची नोकरी गेली, कारण? कंपनीच्या एका ई-मेलला उत्तर द्यायचं तो विसरला. जगातली अवघड कुलपं काढणाऱ्या माणसाला पत्राचं उत्तर जमू नये, हे वाचून मला त्याच्याबद्दल एकदम घरोबा वाटू लागला.

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. तपकीर गल्लीतला गुन्हा दुसऱ्याने केलेला होता; हा मी डोळ्यांदेखत करवला.

२०११ मध्ये माझी नागपूरला बदली झाली. एक खोली, एक पंखा आणि नवा अँड्रॉइड फोन; आयफोन तोवर म्हातारा होऊन निजला होता. आदल्या वर्षी भाऊजी गेले होते. अक्का पुण्यात एकटी. तिने छप्पन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकून घेतलं आणि मला ई-मेल लिहू लागली. समोर बसून कधी चार वाक्यं सलग न बोलणारी अक्का, पण मेल यायचे हातभर लांब. आणि माझ्या फोनवर काय दिसे? चौकोन. ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या, जणू कुणी भिंतीचा नकाशा धाडला आहे. त्या फोनमध्ये देवनागरीचा टाइपच नव्हता. ऑफिसात खासगी मेल उघडायला बंदी. घरच्या भाषेतलं घरचं पत्र माझ्या खिशात, आणि मला ते वाचता येत नव्हतं. फोनवर विचारलं तर अक्का म्हणे, 'लिहिलंय ना, वाच की.'

शेजारच्या खोलीत इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी राहायचा. तो म्हणाला, 'काका, टाइप घालता येईल, पण तो ठेवायचा त्या फोल्डरला आपल्याला हात लावता येत नाही. फोन रूट करावा लागेल. वॉरंटी जाईल.' रूट म्हणजे युनिक्सच्या घरातला कर्ता पुरुष, ज्याला सगळ्या खोल्या उघड्या असतात. म्हणजे अण्णा. मी म्हटलं, 'जाऊ दे वॉरंटी. कर मला अण्णा.' त्याला काही कळलं नाही, पण त्याने केलं. रात्री अकरा वाजता फोन बंद पडला, मी मनात सगळे देव आठवले, पावणेबाराला तो सुरू झाला आणि चौकोनांच्या जागी अक्षरं उमटली.

अक्षरं होती, पण देवनागरीची मोड फोनला ठाऊक नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो आपला लिहिल्या क्रमाने नंतर टाकी, आणि ती पुढच्या अक्षरावर जाऊन बसे. चिवड्याचा चविडा. जोडाक्षरं तर पाय मोडून वेगवेगळी उभी. अशा त्या लंगड्या मराठीत मी अक्काचं पत्र वाचलं. त्यात एके ठिकाणी असं होतं:

'शेवटचे तीन दविस ते बोलत नव्‌हते. पलंगाच्‌या दांडीवर बोटाने टचिक्‌या मारायचे. मी मोजल्‌या. तो त्‌यांचाच नंबर होता.'

मी ते तीन-चारदा वाचलं. विद्यार्थ्याने विचारलं, 'काका, नीट दिसत नाहीये का?' मी म्हटलं, 'दिसतंय. झोप तू.'

पुढे फोनांना मराठी रीतसर यायला लागलं, वेलांट्या जागेवर बसल्या. मार्च २०२४ पासून युरोपात तर कायद्यानेच ॲपलला आपल्या फोनवर दुसऱ्यांची दुकानं उघडू द्यावी लागली. नागपूरचा तो फोन माझ्या कपाटात आहे. चार्जिंग धरत नाही, तरी टाकवत नाही.

परवा दुपारी अक्काचा फोन आला, तोही घरच्या जुन्या लँडलाइनवरून. गेल्या दिवाळीत भाचा येऊन गेला तेव्हा त्याने तिच्या मोबाइलवर बंदोबस्त करून ठेवला होता. वीजबिल थकलंय, हे ॲप घ्या, असले मेसेज येतात आणि म्हाताऱ्या माणसांचे पैसे जातात, म्हणून. आता तिला एकही नवं ॲप घेता येत नाही. पासवर्ड भाच्याला ठाऊक, आणि भाचा न्यू जर्सीत झोपलेला. मी तिची समजूत घातली, 'अगं, तुझ्याच भल्यासाठी आहे. तू त्या कुणाच्या फसवणुकीत...'

'ते राहू दे,' अक्का म्हणाली. 'तू मला एवढं सांग, ह्या फोनला ती बटणं कुठे असतात?'